तीस मिलिमीटरचा स्क्रू

कुरेसारेहून बस, मग बर्फातून दीड किलोमीटर.
पाठीवर बारा पंखे: चार जातींचे, तीन तीन.
समुद्र गोठलेला,
आणि उर्वेच्या खोलीत कॉम्प्युटर आधणासारखा तापलेला,
त्याच्या पाठीला पाठ लावून मांजर.

"आवाज नको," फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या.
जुन्या टेपा साफ करतात त्या.
बेटावरची माणसं, आता नसलेली,
त्यांची बोली, खोकला,
आणि दोन शब्दांच्या मधला श्वास.
तो श्वास पंखा खातो, म्हणाल्या.

रेडिएटर उजेडाला धरून पाहिला.
जाळी दाट, फणीसारखी;
उवांची फणी, केस विंचरायची नव्हे.
नुसता वारा उधळणारा पंखा इथे कामाचा नाही,
तो थडकतो आणि कडेकडेने पळ काढतो.
इथे हवा रेटणारा हवा:
रुंद पाती, चौकटीला लागून,
नख शिरणार नाही एवढीच फट.

एकेक लावून दाखवला. त्या डोळे मिटून.
"हा शिट्टी मारतो."
मला काही ऐकू आलं नव्हतं.
"याच्या पोटात वाळू आहे."
तिसऱ्याला नुसतं नाक मुरडलं.
चौथा फिरत राहिला, फिरत राहिला,
त्या काही बोललेच ना.
मला वाटलं, डुलकी लागली.
"हजार फेऱ्यांवर ने," म्हणाल्या. नेला.
"चौकट कुणकुणते. मागे घे."
नऊशेवर हात वर केला.

मग नऊशे.
पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं;
पंख्याने पाण्याकडे बघून चालावं,
प्रोसेसरच्या क्षणाक्षणाच्या थयथयाटाकडे नाही.
हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.
त्या मांजराला खाजवत होत्या.

ढकलायचं की ओढायचं?
मांजराचे केस पाहून ठरवलं: ओढायचं.
पंखे मागच्या बाजूला, जाळी पुढे उघडी,
महिन्याला ब्रश फिरवला की झालं.
चौकटीवरचा बारीक बाण दोनदा पाहिला.
एकदा हेलसिंकीत एकाकडे उलटा बसवला होता,
तेव्हापासून कानाला खडा.

स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, तिरपे,
आधी सगळे सैल, मग थोडे थोडे.
एक, दोन, आठ.
नववा फिरवत असताना
मागून: "हिंद्रेक, थांब.
हा वेगळा बोलतोय."

थांबलो. उलटा काढला. पट्टीवर ठेवला.
पस्तीस.
खिशात दोन पुड्या होत्या, तीसची आणि पस्तीसची,
आणि दोन्ही फाटलेल्या.
टोकाला चिमूटभर रुपेरी कीस.
बॅटरी मारून भोकात पाहिलं:
एक पाकळी वाकलेली, तिच्याखाली पाण्याची नळी,
नळीच्या अंगावर ओरखडा.
फक्त ओरखडा.
आणखी एक फेरा, आणि सगळं पाणी बोर्डावर.

मी काही बोललो नाही.
त्यांनी बशीत सुकी मासळी आणि राईची भाकर ठेवली.
शेवटची बस गेली होती.
रात्रभर सांध्यांखाली टिश्यू पेपर, पंप चालू,
आणि मी बाकावर, दर तासाला उठून कागद चाचपत.
सकाळी कोरडा ठणठणीत. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

निघताना त्यांनी टेप लावली.
आदू नावाचा पवनचक्कीवाला,
आसाला डुकराची चरबी कशी लावायची ते सांगत होता:
घाई करायची नाही, आधी आस कोमट होऊ द्यायचा.
मग तो थांबला.
त्या थांबण्यात एक घरघर होती, लांबून, लाकडासारखी.
मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उठलोच.
"बस," उर्वे म्हणाल्या,
"तुझे पंखे नाहीत ते.
ती त्याची चक्की."

मांजर एव्हाना चुलीकडे गेलेलं.
आता मागून येणारा वारा नुसता कोमट,
त्याच्या काही कामाचा नव्हता.
नऊ पंखे परत पाठीवर घेतले.
पस्तीसचा तो स्क्रू वेगळ्या खिशात.